शोभाबाईच्या नावापुढची खूण

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत शोभाबाईबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. ही बाई कोणाशी दोन शब्द गोड बोलायची नाही. शटल रिक्षावाल्याशी भांडते, भाजीवाल्याशी भांडते, गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला ती दारात तोलून दाखवायला लावते. नवं काही दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. सोसायटीत पाण्याची मीटरं बसवायला माणसं आली, तर ही पायरीवर उभी राहून त्यांना म्हणाली, "पयले सांगा, हाई कोना फायदानं शे?" माणसं हसली आणि मीटर बसवून गेली. पहिलं बिल आलं तेव्हा गल्लीतलं कोणी हसलं नाही, पण शोभाबाईला शहाणी म्हणायलाही कोणी पुढे आलं नाही.

खरं विचाराल तर तिच्या रागाला कारण आहे, आणि ते कारण रोज बारा तास स्टुलावर बसून घरी येतं. तिचा नवरा मगन. अमळनेरजवळच्या खेड्यातून तो सुरतेत आला तो मागावरच उभा राहिला आणि वीस वर्षं उभा राहिला. मागाच्या खडखडाटाने एक कान गेला, पण नुसत्या आवाजावरून कुठल्या मागाचा धागा तुटणार ते त्याला उरलेल्या कानाने कळायचं. मग सरकारने नव्या मागांसाठी शेठ लोकांना अनुदान जाहीर केलं. नवी यंत्रं आली, त्यांच्याबरोबर कंपनीचा माणूस आला. सुरतेच्या दमट हवेत हा धागा किती ताणायचा, ते त्या माणसाच्या पुस्तकात नव्हतं. ते मगनच्या बोटांत होतं. शेठ म्हणाला, मगन, जरा दाखव याला. मगनला वाटलं मान मिळाला. त्याने सगळं दाखवलं, वर स्वतःच्या डब्यातली भाकरी त्या माणसाला खाऊ घातली. महिन्याभरात चौदा कारागिरांतले अकरा घरी बसले, आणि त्यात मगन होता. आता तो इच्छापोरला एका कारखान्याच्या फाटकावर ठेकेदाराचा वॉचमन आहे.

"तू देखाडं म्हनीसन त्यास्नी शिकं," असं शोभाबाई त्याला त्या वेळी म्हणाली होती. मगनने तिच्याकडे बहिरा कान फिरवला. हे वाक्य तिने पुन्हा कधी काढलं नाही, पण गिळलंही नाही.

ती स्वतः पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यात साड्यांची घडी करते. हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं, त्यात काय, साडी तर घरोघरी घडी होते. अशा लोकांना एक दिवस तिच्या टेबलाशी उभं करावं. साडी झटकायची, काठाला काठ लावायचा, आत पुठ्ठा सरकवायचा, बुट्टा बरोबर वर यायला हवा आणि पदर दुकानदाराला एका बोटाने उलगडता यायला हवा. असं दिवसाला साडेतीनशे वेळा. हे करताना शोभाबाईचा उजवा अंगठा काठावरून धावत असतो. कुठे धागा सुटलाय, कुठे छपाईचा थर जाड बसलाय, ते डोळ्यांना दिसायच्या आत अंगठ्याला कळतं. ती तो नग बाजूला टाकते आणि हात थांबत नाहीत. या अंगठ्यामुळे तिथल्या शेठचा माल परत येत नाही. शेठला ते माहीत आहे, म्हणून तिची जीभ तो सहन करतो.

त्या हॉलमध्ये अकरा बाया घडी करतात. अकराच्या अकरा खानदेशच्या, आणि त्यांना तिथे आणणारा मुकादम म्हणजे लोटू, मगनचा मोठा भाऊ, शोभाबाईचा जेठ. घरात सगळी त्याला आबा म्हणतात. वय सत्तावन्न, पांढरी टोपी, पाठीमागे हात बांधून चालायची सवय. अकरा बायांपैकी कोणाचा तो जेठ, कोणाचा चुलत सासरा, कोणाचा गावनात्याने मामेसासरा. नातं लावायचंच म्हटलं तर खानदेशात ते लागतंच.

आता जेठासमोर पदर पुढे ओढायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, हे शोभाबाई माहेराहून शिकून आली. सव्वीस वर्षांत त्या दोघांत एक सरळ शब्द झालेला नाही. बोलणं व्हायचं, पण वळसा घालून. लोटू घरी आला की भिंतीला विचारायचा, "चहा मियी का?" शोभाबाई आतून मुलीला सांगायची, "सोनाली, सांग, साखर सरी गई, गूळना चाली का?" सोनाली लहान असताना धावत निरोप पोचवायची. आता ती कॉलेजात जाते, गुजरातीत बोलते आणि म्हणते, तुम्ही दोघं एकाच खोलीत आहात, मी काय पोस्ट ऑफिस आहे?

कारखान्यातही तोच कायदा. लोटू दर दहा-पंधरा मिनिटांनी हॉलमधून फेरी मारायचा. दारात खाकरायचा, आणि अकरा पदर एकदम पुढे यायचे. हात चालूच राहायचे. यात कोणाचं काही अडत नव्हतं.

मग एका सोमवारी चेतन आला. तिशीतला, गळ्यात ओळखपत्र, पायांत पांढरे बूट. त्याच्याबरोबर दोन खोकी होती आणि खोक्यांत डोक्याला बांधायचे पट्टे. पट्ट्याच्या पुढे काडेपेटीएवढा कॅमेरा. लोटूने दारात उभं राहून भिंतीवरच्या घड्याळाला सांगितलं, "शेठनं काम शे. डोकाले बांधानं आनि काम करानं. जास्त इचारानं नही."

"मासी, आप बस काम करो, कॅमेरा को भूल जाओ," चेतन प्रत्येकीचा पट्टा घट्ट करत म्हणाला.

कपाळावर तिसरा डोळा बसवून तो विसरा म्हणणारा माणूस शोभाबाईला पहिल्या मिनिटालाच आवडला नाही. तिने विचारलं, हे कशाला? चेतन म्हणाला, हात कसे चालतात ते बघायला. कोण बघणार? तो हसला. "मशीन देखेगा, मासी. मशीन सीखेगा."

घरी सोनालीने मोबाईलवर शोधून आईला सगळं वाचून दाखवलं. परदेशात यंत्राचे हात बनवतात, त्यांना शिकवायला खऱ्या हातांची चित्रं लागतात, तासन्‌तास, हजारो तास. सुरतेसारख्या ठिकाणी माणसांच्या डोक्याला कॅमेरे लावून ती मिळवतात. त्याला कायदा काय, परवानगी कोणाची, यावर दिल्लीत नि गांधीनगरात अजून चर्चाच चालू आहे. शोभाबाईने भाकरी थापता थापता ऐकलं. चर्चा चालू होती आणि कॅमेरेही चालू होते. मगन कोपऱ्यात जेवत होता. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे, पण त्याने त्या दिवशी दुसरी भाकरी मागितली नाही.

शेठला या तासांचे चेतनच्या कंपनीकडून पैसे मिळत होते. बायांना एकेक स्टीलची बाटली मिळाली. त्या बाटलीवर कंपनीचं नाव होतं, आणि शोभाबाईने ती संडासात ठेवली.

तीन आठवड्यांनी चेतन लॅपटॉप घेऊन तणतणत आला. चेहरा असा, की कोणीतरी वर त्याला चांगलं झापलं असावं. त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवून बायांना जवळ बोलावलं. पडद्यावर शोभाबाईचे हात दिसत होते. तिने स्वतःचे हात असे कधी पाहिले नव्हते, आणि खरं सांगायचं तर ते तिला फार देखणे वाटले. झटकलं, जुळवलं, सरकवलं. मग अचानक सगळं जांभळं झालं. जांभळ्यावर पिवळी फुलं.

"ये देखो! छह मिनट खाली फूल! फिर दस मिनट बाद फिर फूल! सब का यही है!"

ज्योती, जी शोभाबाईच्या डाव्या हाताला उभी राहते, तिला हसू फुटलं. मग सगळ्याच हसल्या. लोटू हॉलमध्ये यायचा, पदर पुढे यायचे, आणि पदर बरोबर कॅमेऱ्यावर. तो जाऊन बराच वेळ झाला तरी हात कामात असल्यामुळे पदर तसाच राहायचा. जगभरच्या शहाण्यांनी यंत्राला माणसाचे हात शिकवायचं ठरवलं, करोडो ओतले, आणि त्यांच्या हिशेबात लोटू मुकादमाची खाकर कुठे धरलेलीच नव्हती. कंपनीने निम्मे तास नापास करून परत पाठवले होते.

चेतनने यादी उघडली. प्रत्येकीचा फोटो, त्यापुढे नापास तास, आणि अगदी शेवटी एक हिरवी खूण. शोभाबाईचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण नजर घारीची. तिने बोट ठेवलं.

"ये हिरवा क्या है?"

"वो कन्सेंट है, मासी. मतलब आपने हाँ बोला है।"

"मैंने कब बोला?"

चेतनने मान वर केली. त्याला यात काही विशेष वाटलं नव्हतं. "मुकादमजी ने सब की तरफ से बोल दिया ना. फॉर्म में वैसा ऑप्शन है."

हॉलमधलं हसू गेलं. शोभाबाई त्या खुणेकडे बघत राहिली. हात तिचे, अंगठा तिचा, वर्षानुवर्षं उभं राहून सुजलेले पाय तिचे, आणि हो दुसऱ्याचा. मगनने निदान स्वतःच्या तोंडाने माती खाल्ली होती. तिला तेवढंही मिळालं नव्हतं.

नेमका त्याच वेळी लोटू दारात खाकरला. अकरा पदर पुढे आले. शोभाबाईने पदराआडून, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला सांगितलं, "ज्योती, काही लोकेस्ले दुसरास्ना तोंडनं हो म्हनानी भलती हौस शे."

लोटूचं नाक लाल झालं. तो पंख्याला म्हणाला, "ज्यानी आनीसन कामले लावं, त्यानं इचारं काय नि नही इचारं काय, एकच."

"ज्योती, आनं म्हनीसन इकत लिधं का?"

पंखा फिरत राहिला. लोटू पाठीमागचे हात आवळून निघून गेला. चेतनला एक अक्षर कळलं नाही, पण आपल्या लॅपटॉपवर काहीतरी बिनसलंय एवढं त्यालाही समजलं.

त्या दिवसापासून शोभाबाईने युद्ध पुकारलं. पदराने तास नापास होतात ना, मग ठीक. लोटू हॉलमध्ये असो नसो, तिचा पदर पुढे. दर थोड्या वेळाने ती टेबलावरून मान न वळवता म्हणायची, "आबा उनात!" आणि अकरा पदर खाली. दाराशी लोटू तर नाहीच, मांजरसुद्धा नसायचं. हात मात्र एक क्षण थांबत नव्हते, शेठचा माल वेळेवर निघत होता, कोणाला बोट दाखवायला जागा नव्हती. कॅमेऱ्यांना पंधरा दिवस फक्त फुलं दिसली. बायांना यात इतकी मजा यायला लागली की कोणी कशा फुलांची साडी नेसून यायची, हे आदल्या दिवशी ठरू लागलं. शोभाबाईला वाटलं, आणखी आठवडाभरात हा पांढऱ्या बुटांचा पोरगा आपली खोकी उचलून चालता होईल.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. कंपनी हुशार होती, तिने कॅमेरे काढले नाहीत. तिने छडा लावला की पदर मुकादमामुळे पुढे येतात, आणि शेठला कळवलं की मुकादमालाच काढा. छताला एक मोठा कॅमेरा लावू, कोण किती नग करतं, कोण रेंगाळतं, सगळं तोच मोजेल. माणसाची गरजच काय? शेठने अकरा वर्षं मुकादमी केलेल्या लोटूला केबिनमध्ये बोलावलं आणि चहाही न पाजता सांगितलं. बायांच्या वतीने सर्वांत आधी हो म्हणणारा माणूसच यंत्राने सर्वांत आधी उचलून बाहेर टाकला.

शोभाबाईला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, बरं झालं. हे ती मनापासून म्हणाली, उगाच कशाला लपवा. दुसऱ्यांदा म्हणून पाहिलं तेव्हा मात्र तोंडाला चव नव्हती. तिने दगड मारला होता कॅमेऱ्याला, आणि फुटलं होतं घरच्याच माणसाचं डोकं.

रविवारी सकाळी लोटू घरी आला. आत आला नाही, पायरीवर बसला. मगन रात्रपाळी करून झोपला होता. शोभाबाई दाराच्या आत, पदर पुढे, तांदूळ निवडत. मधे उंबऱ्यावर सोनाली.

"सोनाली," लोटू समोरच्या गटाराला उद्देशून म्हणाला, "तुन्ही मायले सांग, गुरुवारले गांधीनगरथीन एक मॅडम यी ऱ्हायनी. सरकारले कागद लिखी दी, कॅमेरा कसा लावाना, कोनले इचारीसन लावाना. शेठ म्हनस, मी सगळ्यास्ना वतीनं नवा कागदवर सही करी दिधी, आखो सहा महिनाना, ते माले हापिसमा ठेवी. नही ते इच्छापोरना गोडाऊनमा बोजा मोजाले."

तांदळातला खडा ताटलीबाहेर पडला.

"तुन्हा मोठा बाबाले सांग," शोभाबाई म्हणाली, "तठे जा. तुन्हा बाप बी तठेच शे. दोन्ही भाऊ संगेच डबा खातीन."

"आई!" सोनाली मराठीत ओरडली.

"सांग म्हनं ना!"

सांगायची गरज नव्हती. लोटूने ऐकलं होतं. त्याने तोंड आणखी गटाराकडे वळवलं. मग म्हणाला, "तिले सांग, तिनाच पदरनी मन्ही भाकर गई."

"आनि मन्हा हात कोना हो वरथीन गयात, ते इचार."

लोटू उठला. टोपी काढली, झटकली, परत घातली, आणि चहा न घेता गेला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तो त्या घरून चहाशिवाय गेला. सोनालीने आईकडे बघितलं. आईने बघितलं नाही. तिच्या ताटलीतले तांदूळ केव्हाचे निवडून झाले होते, तरी ती निवडत होती.

गुरुवारी जयश्री मॅडम आल्या. मूळच्या पुण्याच्या, गांधीनगरला एका संस्थेत होत्या, सरकारी मसुद्यासाठी माहिती गोळा करत होत्या. बाई वाईट नव्हती. पण सकाळी एक ठिकाण करून आली होती, चारच्या आत आणखी दोन करायची होती, आणि हातातला फॉर्म आठ पानांचा होता. शेठने टेबलावर काजूकतली मांडली. चेतन भिंतीला टेकून उभा होता. लोटूलाही बोलावलं होतं. तो नवा धुवट सदरा घालून दाराशी उभा राहिला, आणि अर्थातच अकरा पदर नाकापर्यंत आले.

"नमस्कार," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हातांच्या हालचालींची नोंद होतेय. ती कोणाच्या परवानगीने व्हावी, याचे नियम व्हायचे आहेत, म्हणून तुमचं म्हणणं ऐकायला आले. मोकळेपणाने बोला. कोणाची काही हरकत आहे का?"

कोणी बोललं नाही. कसं बोलणार? दारात जेठ होता, सासरा होता, मामेसासरा होता. मॅडमनी पाचपर्यंत मोजावं इतका वेळ वाट पाहिली आणि कागदाकडे वळून लिहायला लागल्या.

ते शोभाबाईने पाहिलं. वरून उलटं, पण वाचता आलं. हरकत नाही, असं लिहिलं जात होतं. नियम करायला निघालेले लोक, गाडी करून, एवढ्या लांब येऊन, अकरा पदरांसमोर बसतात आणि पदराला होकार समजतात! तिच्या मस्तकात अशी सणक गेली की हात आपोआप वर गेला. तिने आधी कपाळाचा पट्टा ओढून काढला आणि टेबलावर ठेवला. मग पदर मागे टाकला, खांद्यावर, पूर्ण. ज्योतीने तोंडावर हात घेतला. सव्वीस वर्षांत लोटूने आपल्या धाकट्या भावजयीचा चेहरा पहिल्यांदा सरळ पाहिला, आणि त्याने मान खाली घातली.

"मॅडम, हरकत नाही असं लिहू नका," शोभाबाई शाळेत शिकलेल्या मराठीत म्हणाली. "या बाया गप्प आहेत, कारण दारात यांचे मोठे उभे आहेत. आमच्यात मोठ्यांसमोर बाई बोलत नाही. ही माहिती तुमच्या कागदात कुठे लिहायची?"

मॅडमनी फॉर्म चाळला. अशी जागा नव्हती.

"मला कोणी विचारलं नाही," शोभाबाई म्हणाली. "माझ्या नावापुढे हिरवी खूण आहे, ती मी केलेली नाही. माझे जे तास नेले ते परत द्या."

मॅडमनी चेतनकडे बघितलं. चेतनने मान हलवली. "मॅम, आगे से बंद कर सकते हैं. पर जो डेटा ट्रेनिंग में चला गया, वो निकलता नहीं है. किसी का नहीं निकलता."

"पाहा," शोभाबाई म्हणाली, "जातं सहज, आणि परत येत काहीच नाही. याचा नियम लिहा आधी."

शेठला आता काजूकतली कडू लागली असावी. तो म्हणाला, "जिसको नहीं पहनना वो घर जाए. टेबल खाली नहीं रहता सुरत में." हे मात्र त्याने खरं सांगितलं. टेबल सुरतेत रिकामं राहत नाही. शोभाबाईला ते पाठ होतं. तिने टेबलाची कड धरली. तिथे साडीचा एक नग पडला होता. अंगठा सवयीने काठावरून फिरला. धागा सुटलेला होता. तिने तो नग बाजूला टाकला.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांना शरम वाटत होती, ते दिसत होतं, पण फॉर्मही भरायचा होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमचं म्हणणं मी शेऱ्यात लिहिते. पण इथे तीनच पर्याय आहेत. स्वतः संमती दिली, दिली नाही, किंवा प्रतिनिधीमार्फत दिली. कंपनीने तिसरा भरून पाठवलाय. प्रतिनिधीची सही झाली की तो ग्राह्य धरतात, आणि पुढचे सहा महिने कंपनीला कॅमेरे चालू ठेवता येतात. सही नसेल तर मला 'दिली नाही' असं लिहावं लागेल." त्यांनी फॉर्म दाराच्या दिशेने सरकवला आणि वर पेन ठेवलं. "लोटू पाटील आपणच ना?"

शेठने लोटूकडे बघितलं. त्या बघण्यात ऑफिसमधली खुर्ची होती, आणि इच्छापोरच्या गोडाऊनमधला उन्हाळाही होता. लोटू पुढे आला. पेन उचललं. त्याच्या मुठीत ते लहान दिसत होतं. सही करायची ओळ मॅडमनी बोटाने दाखवली. लोटूने पेन तिथपर्यंत नेलं आणि तसंच धरून राहिला. हॉलमध्ये फक्त पंखा वाजत होता, पण त्याने पंख्याकडे बघितलं नाही. घड्याळाकडे नाही, भिंतीकडे नाही. त्याने मान वळवली आणि टेबलापलीकडे, उघड्या डोक्याने उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांत बघितलं.

"सोनालीनी माय," तो म्हणाला, "सही करू का मी?"

शोभाबाईला आधी कळलंच नाही की हे आपल्याला विचारलंय. तिने सवयीने आजूबाजूला बघितलं, मधे निरोप पोचवायला कोणी आहे का म्हणून. कोणी नव्हतं. तिच्या मनात राग होता, आणि रागाखाली जे होतं ते तिला त्या लोकांसमोर दाखवायचं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा, सुरतेला आणलं तेव्हा, टेबलाशी उभं केलं तेव्हा, डोक्याला पट्टा बांधला तेव्हा, करू का, असं कोणी विचारलं नव्हतं.

"नका करू, आबा," ती म्हणाली.

लोटूने पेनाला टोपण लावलं आणि ते मॅडमसमोर ठेवलं.